ब्रायनची सतार

'पेंट इट ब्लॅक' मी पहिल्यांदा ऐकलं ते मामेभावाने भरून आणलेल्या कॅसेटवर. शब्द फारसे कळले नाहीत, पण सतार लगेच कळली. आत्याची मिरजेत बनवलेली सतार घरात होती, त्यामुळे जवारीतून उमटणारा तो झंकार ओळखीचा होता. ड्रमच्या धडाक्यात तो कसा आला? कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. आत्या म्हणाली, "हात तयार नाही गं, पण सूर अचूक सापडलाय त्याला."

तो हात ब्रायन जोन्सचा, हे कॉलेजात असताना कळलं. तोवर विकत घेतलेल्या कॅसेटवर गाण्यापुढे दोनच नावं वाचली होती: जॅगर आणि रिचर्ड्स. मला ते फार लागलं. कारण बँड ब्रायनचा होता. चेल्टनहॅममध्ये १९४२ साली जन्मलेल्या या मुलाने १९६२मध्ये 'जॅझ न्यूज'मध्ये जाहिरात देऊन साथीदार जमवायला सुरुवात केली. मडी वॉटर्सच्या गाण्यावरून 'रोलिंग स्टोन्स' हे नाव त्यानेच दिलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

गाणी लिहिणं त्याला जमलं नाही, आणि बँडची सूत्रं हळूहळू लिहिणाऱ्यांकडे गेली. त्याला जमायचं ते वेगळंच. 'अंडर माय थम्ब'मधला मरिम्बा, 'लेडी जेन'मधलं डल्सिमर, 'रूबी ट्यूसडे'मधला बासरीसारखा रेकॉर्डर, सगळं त्याचं. ते काढून टाका आणि गाणी ऐका. मला तरी ती अर्धीच वाटतात.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. सोबतच्या स्त्रियांशी तो क्रूरपणे वागला, स्वतःच्या मुलांची जबाबदारी त्याने घेतली नाही. हे माहीत असूनही मी त्याला ऐकते, आणि ते सोपं जात नाही. दारू, अमली पदार्थ, अटका, कोर्ट यांत तो खचत गेला. जून १९६९मध्ये त्यानेच उभ्या केलेल्या बँडने त्याला निरोप दिला. महिनाही झाला नाही तोच, ३ जुलैच्या सुमारास मध्यरात्री, तो ससेक्समधल्या आपल्या घराच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. विनी द पूचा लेखक ए. ए. मिल्न एकेकाळी त्याच घरात राहत होता. चौकशीत अपघाती मृत्यू ठरला. खुनाच्या तर्कांवर पुस्तकं निघाली, पण मला सत्तावीस वर्षांत तो काय काय ऐकू शकला, याचंच अप्रूप वाटतं.

कारण त्याचं खरं वाद्य त्याचा कान होता. १९६५मध्ये अमेरिकन टीव्हीवर स्टोन्सना बोलावलं, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फलाही मंचावर आणायला लावलं. ब्रायनने तर निवेदकाला बोलणं आवरतं घेऊन वुल्फला गाऊ द्या, असं सांगितलं. गोऱ्या मुलांच्या कार्यक्रमात काळ्या ब्लूजगायकाला असा मान मिळणं तेव्हा सहज नव्हतं. १९६८मध्ये तो मोरोक्कोतल्या रिफ डोंगरांतल्या जजूका गावी गेला, तिथल्या वादकांचं सनईच्या जातीचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. ती रेकॉर्ड त्याच्या मृत्यूनंतर, १९७१मध्ये निघाली. मुखपृष्ठावर नाव त्याचं, वाजवणारे मात्र सगळे त्या गावचे. त्याचं एकच काही ऐकायचं असेल तर काय, असं कुणी विचारलं की मी हीच रेकॉर्ड सांगते.