मॅरेथॉनचे धरण आणि पाण्याचे देऊळ

अथेन्सला जाणारा प्रवासी पार्थेनॉन पाहतो आणि परततो. आम्ही मात्र एक दिवस मॅरेथॉनच्या धरणासाठी राखून ठेवला होता. अथेन्सच्या ईशान्येला डोंगराच्या घळीत हे धरण उभे आहे. उंची ५४ मीटर, लांबी २८५ मीटर. पार्थेनॉनसाठी पेंटेली डोंगरातला संगमरवर आणला होता. त्याच डोंगराचा संगमरवर या धरणालाही बाहेरून बसविला आहे.

हे धरण लोकांच्या तहानेतून जन्मले. १९२२ साली आशिया मायनरमधील पराभवानंतर दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. घरदार गमावलेली हजारो कुटुंबे अथेन्स आणि पिरेयस बंदराच्या आसपास वसली. शहराची मुख्य भिस्त होती ती रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातील भूमिगत कालव्यावर. अठराशे वर्षांपूर्वीचा कालवा एवढ्या माणसांना कसा पुरणार? १९२६ साली अमेरिकेच्या युलेन कंपनीने काम हाती घेतले आणि १९२९ साली धरण पूर्ण झाले. सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी शहराकडे नेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अथेन्सचा मुख्य आधार हेच पाणी होते.

धरणाच्या पायथ्याशी संगमरवराचे एक लहानसे देऊळ दिसते. त्यात मूर्ती नाही. डेल्फी या तीर्थक्षेत्री अथेन्सकरांनी अपोलो देवासाठी बांधलेल्या कोषागाराची ती प्रतिकृती आहे. विजय मिळाला की लुटीतला काही वाटा देवाला अर्पण करायचा, ही जुन्या ग्रीकांची रीत. इसवी सनपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी सैन्याचा पराभव झाला. त्या लुटीतून डेल्फीचे कोषागार उभारले, असे प्राचीन प्रवासी पॉसेनियस सांगतो. धरणावरील लेखाचा आशय असा, की पूर्वजांनी रणातला विजय देवाला वाहिला, तसा शहरवासीयांनी मिळविलेल्या जीवनदायी पाण्याचा हा विजय.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमाखर्चात एकही नाव सुटू नये, ही आमची सवय. म्हणून पॉसेनियसची आणखी एक नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते. मॅरेथॉनच्या लढाईत गुलामही लढले आणि मेले. पण १९२ अथेन्सकर वीरांची समाधी वेगळी आणि गुलामांना मूठमाती दिली ती प्लाटिया गावच्या सैनिकांसोबत, दुसरीकडे. डेल्फीच्या कोषागारावर नाव राहिले ते अथेन्सकरांचे.

धरणाखालचे देऊळ पाहताना हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. जुन्या धर्मातली कृतज्ञतेची भावना त्या शहराने घेतली आणि ती पिण्याच्या पाण्याला वाहिली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. तलवारीच्या विजयात कुणीतरी हरतो. घरात पाणी आले तर कुणाचेच नुकसान होत नाही. मात्र दगड फोडणारा, बोगदा खणणारा मजूरही त्या विजयाचा धनी आहे.

वाचकहो, आपल्या मुलांना मॅरेथॉन म्हटले की धावण्याची शर्यत आठवते. त्यांना या धरणाचीही गोष्ट सांगा. आणि त्या दुसऱ्या समाधीत कोण झोपले आहे, तेही सांगा.