क्रमांकांचे गाव

परके गाव माणसाला प्रथम कानांनी कळते. चंदीगढमध्ये सरकारी बसने आणि सामायिक रिक्षाने हिंडताना याचा प्रत्यय येतो. येथील वस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. बसस्थानक सेक्टर १७ मध्ये आणि सेक्टर ४३ मध्ये; बाजार सेक्टर २२ मध्ये. पण पंजाबी बोलीत सतराचे ‘सतारां’ होते आणि मराठी कानाला अजिंक्यताऱ्याचा पायथा आठवतो. बावीसचे ‘बाई’ होते, तेव्हा तर कोणी हाकच मारल्याचा भास होतो. निर्जीव आकडा असा लोकांच्या तोंडी येऊन जिवंत होतो.

ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ मध्ये या नगराची आखणी हाती घेतली. महामार्गापासून पायवाटेपर्यंत त्याने रस्त्यांच्या सात श्रेणी ठरवल्या. सेक्टर साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. वेगवान वाहतूक त्याच्या कडेने जाते आणि घरे तिच्याकडे पाठ करून आत तोंड वळवतात. मोटारीतून येणाऱ्याला ही रचना सुखद वाटते. बसमधून उतरणाऱ्यासमोर मात्र झाडांची रांग आणि लांबलचक भिंत तेवढी असते. विचारावे असे दुकान नाही, उघडी खिडकी नाही. एवढ्या रेखीव शहरातही पायी चालणाऱ्याला अखेर वाटेवरचा माणूसच शोधावा लागतो.

तरीही क्रमांकांचा उपहास करवत नाही. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले, म्हणून हे शहर वसले. आपल्याकडे ‘कुंभारवाडा’ किंवा ‘ब्राह्मण आळी’ म्हटले की राहणाऱ्याची जात पत्त्यातच उघडी पडते. क्रमांक याबाबतीत मौन पाळतो. सर्वस्व गमावून आलेल्यांच्या शहरात हे मौन दयाळू म्हटले पाहिजे.

मात्र या भूमीवर आधीही गावे होती. त्यांतली काही उठली. बुडैल आणि अटावा यांसारखी काही सेक्टरांच्या पोटात उरली. त्या बाजूचा प्रवासी आजही उतरण्याचे ठिकाण सांगताना क्रमांक सांगत नाही, ‘बुडैल’ म्हणतो आणि रिक्षावाल्याला ते नेमके समजते. नकाशाला क्रमांक पुरतो. घरी परतणाऱ्याला नाव लागते. क्रमांकांच्या या शहरालाही ते लागलेच. त्याचे स्वतःचे नाव जवळच्या चंडीदेवीच्या देवळावरून आले आहे.