हजार रुपये कोणत्या रकान्यात?



मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन भाजीला गेले होते. वय वर्षं नऊ. दोडके महाग वाटले म्हणून मी घासाघीस करत होते, तर हा म्हणतो, "आज्जी, स्कॅन कर ना, पैसे कशाला देतेस?" त्याच्या लेखी मोबाईल दाखवला की पैसे द्यावेच लागत नाहीत! मी हसले खरी, पण घरी आल्यावर माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या.

आमच्या घरी हिशेबाची वही लग्नापासून आहे. बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. वहीत तीन रकाने: जमा, खर्च, दान. दूध, किराणा, भिशीचा हप्ता, पाठशाळेच्या मुलांना दिलेला खाऊ, सगळं त्यात. थोरली लेक दुसरीत गेल्यापासून रात्री माझ्याशेजारी बसून बेरीज तपासायची. मुलांसमोर पैशाचं बोलू नये असं सासूबाईंचं मत होतं. मला उलट वाटायचं. घरात काय येतं आणि काय जातं हे मुलांना कळलं, तर ती उगाच हट्ट करत नाहीत. आमच्याकडे तरी तसंच झालं.

१९८९ साली लेकीच्या वाढदिवसांचे, मामांनी-आत्यांनी दिलेले पैसे साठून पाचशे रुपये झाले. पोस्टात तेव्हा इंदिरा विकास पत्रं मिळायची, पाच वर्षांत दुप्पट. मी तिला पोस्टात घेऊन गेले, तिच्याच हातांनी पैसे द्यायला लावले. त्या पत्रावर कोणाचं नाव नसायचं. ज्याच्या हातात पत्र, त्याचे पैसे, अगदी नोटेसारखं. हरवलं तर गेलं. म्हणून मी ते कपाटाच्या कुलपात ठेवलं. मुदत १९९४ च्या ऑक्टोबरात संपणार होती. हजार रुपये आले की सायकल घ्यायची, असं ती पाच वर्षं धरून बसली होती.

१९९४ च्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी बस्तीत पहिल्या कलशाची बोली लागली. अकराशे एकपर्यंत जायचं असं आमचे हे घरून ठरवून गेले होते. समोरून कोणी वाढवलं, यांनी वाढवलं, आणि बोली पाच हजार एकवर थांबली. यांचं नाव पुकारलं, सगळ्यांनी जयजयकार केला, बायकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पैसे दिवाळीपर्यंत द्यायचे होते. बोलीचे पैसे थकवणं म्हणजे देवाचं देणं अंगावर ठेवणं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. चार हजार दुकानातून कसेबसे निघाले. हजार कमी पडले.

यांनी कपाटाची किल्ली मागितली. कशाला, हे मला कळलं होतं. मी किल्ली दिली.

त्या रात्री वहीत दानाच्या रकान्यात मी "कलश बोली, १०००" असं लिहिलं. लेक शेजारी होती. तिनं विचारलं, हे कुठून आले? मी सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "आई, मी दिले नाहीत, मग हे दान कोणाचं?" आणि थोड्या वेळानं, "पाठशाळेत सांगितलंय, न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान."

दहा वर्षांची पोर. सासूबाई तिच्यावर ओरडल्या, बापाला असं बोलतात का म्हणून. हे काहीच बोलले नाहीत, दिवा मालवून झोपले. मला मात्र झोप लागली नाही. चोरी हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारत नाही, आणि इथं तर पैसे देवाच्या कामाला गेले होते. पण मुलीचं चुकलं कुठे, हे मला शोधूनही सापडेना. चुकलं होतं ते माझं. किल्ली माझ्या कमरेला होती.

सकाळी मी ती ओळ खोडली. दानात लिहायचं नाही, उसने लिहायचं. "लेकीकडून उसने, १०००." यांना वही दाखवली. "बाप मुलीचं देणं लागतो होय?" म्हणून चिडले. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी दुकानातून आले आणि शंभराची नोट तिच्यापुढे ठेवली. दर महिन्याला शंभर देतो म्हणाले. मी म्हटलं, व्याज? तिला शेकडा एक रुपया दरानं काढायला बसवलं. पहिल्या महिन्याला हजारावर दहा रुपये, मग उरलेल्या नऊशेवर नऊ, मग आठ, असं करत एकूण पंचावन्न. उरलेल्या रकमेवरच व्याज लागतं, हे ती त्या दहा महिन्यांत शिकली. पुढे अकाउंटन्सी घेतली तिनं. सायकल एक वर्ष उशिरा आली, तीही जुनी.

तेव्हापासून पर्वाच्या आधल्या रात्री आम्ही सगळे बसतो आणि यंदा दान किती, बोली किती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. परिग्रहाचं परिमाण करतो तसंच याचंही. बोलीत कोणी कितीही वाढवो, आकडा ओलांडायचा नाही. दोन वर्षं आमचं नाव पुकारलं गेलं नाही. यांना जड गेलं, मला दिसत होतं.

तर नातवासाठी नवी वही घातली आहे. त्याला दर रविवारी पन्नास रुपये रोख देते, मोबाईलवर नाही. नोट हातातून जाताना दिसली पाहिजे. रकाने तेच तीन. किसान विकास पत्र दाखवलं, आता साडेसात टक्के व्याज आणि दुप्पट व्हायला ११५ महिने. ७२ ला व्याजदरानं भागायचं, साधारण तेवढी वर्षं लागतात, हे शिकवलं. त्यानं भागाकार करून ९.६ काढले आणि म्हणाला, "एवढी वर्षं? मी एकोणीस वर्षांचा होईन!" त्याच्या आईला तर पाचच वर्षं लागली होती, हे ऐकून फार हळहळला.

काल त्याची वही पाहिली. जमा ५०, खर्च १५, दान ५. खाली वाकड्या अक्षरांत आणखी एक ओळ: "आज्जीकडून येणे ३०." सोमवारी रिक्षाला सुटे नव्हते म्हणून त्याच्या डब्यातून घेतले होते मी, विचारून. चार दिवस झाले, द्यायचे राहिलेच आहेत.