पाटीवरचे शेवटचे नाव

नानाखेड्यातील आमच्या घराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी असतात. एक मराठी आणि दुसरी इकडच्या हिंदी चालीची. पितृपंधरवडा आला की आमची दिनदर्शिका त्याला भाद्रपद वद्य म्हणते, तर शेजारची तोच पंधरवडा आश्विन कृष्ण म्हणून दाखवते. आमचा महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. तिथी एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे. पिढ्यानपिढ्या उज्जैनीत राहिलेल्या मराठी माणसाचा यात घोटाळा होत नाही, कारण आपण कोणत्या गणनेने चालतो हे त्याने आधीच ठरवलेले असते. ही साधी गोष्ट मला एका कठीण प्रसंगानंतर नव्याने उमगली.

प्रसंग २०२१ मधील पितृपंधरवड्याचा. आपल्या लोकांच्या सत्तावीस घरांतील श्राद्धतिथींची वही अनेक वर्षे माझ्याकडे आहे. घरोघर जाऊन आठवण देणे मला आता झेपत नाही, हे पाहून संगणकाचे काम करणाऱ्या माझ्या नातीने एक आज्ञावली लिहिली. प्रत्येक घरी भ्रमणध्वनीवर दिवंगताचे नाव व तिथी यांचा निरोप आपोआप जावा, अशी ती योजना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतील वहिनी आल्या. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षे झाली होती. हातातला फोन माझ्यापुढे धरून त्या इतकेच म्हणाल्या, "भाऊजी, यांचं नाव वहीतून काढलंत का हो?"

निरोपात दुसऱ्याच कुणाचे नाव होते. चौकशी केली तेव्हा कळले की सत्तावीसही घरी तेच एक नाव गेले होते, वहीतील अगदी शेवटचे. मी चारचौघांसमोर नातीला बोललो. चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या माझ्या तोंडून 'निष्काळजीपणा' हा शब्द सहज निघाला. तिने उत्तर दिले नाही. एक ओळ घालून चूक दुरुस्त केली आणि त्यानंतर त्या वहीला हात लावला नाही.

चूक काय होती, ते तिने मला फार उशिरा सांगितले. तेही मी विचारले म्हणून.

एकच काम यादीतील प्रत्येकासाठी करायचे असले की संगणकाला फेऱ्या घालायला सांगतात. त्या फेऱ्याला लूप म्हणतात. प्रत्येक फेरीत एका चलाला यादीतले पुढचे मूल्य मिळते. तिने वापरलेल्या 'गो' या भाषेत हा चल सगळ्या फेऱ्यांसाठी मिळून एकच असे. जणू एकच पाटी. पहिले नाव लिहायचे, पुसायचे, दुसरे लिहायचे. निरोप्याने तिथल्या तिथे नाव वाचले तर काही बिघडत नाही. नातीने मात्र सत्तावीस निरोपे आधी तयार केले आणि फेऱ्या संपल्यावर एकदम सोडले. फोनचा क्रमांक प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र उतरवून दिला होता. नावासाठी 'पाटी पाहा' एवढेच सांगितले होते. त्यांनी पाटी पाहिली तेव्हा तिच्यावर शेवटचेच नाव उरले होते.

"मग यात तुझीच चूक ना?" मी विचारले.

"माझीच, आजोबा. पण माझ्या एकटीची नाही."

तिने सांगितलेले उदाहरण ऐकून मी गप्प झालो. संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे विनामूल्य देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेला २०२० मध्ये असाच दोष आपल्या आज्ञावलीत सापडला. एका अर्जात अनेक नावे असली की फेरतपासणीत त्यांतील एकच नाव तितक्या वेळा तपासले जाई. ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे त्यात सापडली. ते काम करणारे काही नवशिके नव्हते.

ज्या वळणावर जाणतेही घसरतात, तिथे दोष वळणाचाही असतो, हे 'गो'च्या कर्त्यांनी अखेर मान्य केले. पण रस्ता बदलणे सोपे नव्हते. २०१२ मध्ये भाषेची पहिली पक्की आवृत्ती काढताना त्यांनी शब्द दिला होता की आज चालणारी आज्ञावली उद्याही चालेल. नियम बदलला तर जुन्या घडीवर विसंबलेल्यांचे काय? डेव्हिड चेस आणि रस कॉक्स यांनी २०२३ मध्ये तोडगा मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मधील १.२२ या आवृत्तीपासून तो लागू झाला. आता प्रत्येक फेरीला नवी कोरी पाटी मिळते. मात्र प्रत्येक प्रकल्पाच्या एका धारिकेत तो भाषेच्या कोणत्या आवृत्तीला धरून आहे याची ओळ असते. तेथे १.२२ किंवा पुढचा आकडा असेल तरच नवी रीत. जुना आकडा असेल तर जुन्या रीतीला धक्का नाही.

ऐकता ऐकता माझी दृष्टी भिंतीवर गेली. दोन दिनदर्शिका एकाच खिळ्याच्या आधाराने सुखाने नांदत होत्या, कारण प्रत्येकीने आपली गणना आधी सांगून ठेवली होती.

वाचकहो, शाळेत एकाच गणितात अर्धा वर्ग चुकला की मी मुलांना रागावत असे. प्रश्न मीच नीट घातला नसेल, अशी शंका मला क्वचितच आली. ज्यांनी एवढी मोठी भाषा रचली, त्यांनी चुकणाऱ्यांना दटावण्याऐवजी आपला नियम सुधारला. आणि तोही कुणाचे जुने घर न पाडता. मला मात्र घरातल्या एका मुलीजवळ 'माझे चुकले' म्हणायला तीन वर्षे लागली.

त्या वर्षी भाद्रपदात वही पुन्हा तिच्या हाती दिली. निरोप सुटण्यापूर्वी मी एकेक नाव मोठ्याने वाचले आणि तिने ते पडद्यावर ताडून पाहिले. पहिला निरोप वहिनींना गेला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "भाऊजी, नाव बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि नातीला फोन द्यायला सांगितला.