रेशनकार्डावरची अकरा माणसं

आमच्या भावकीत बी.एस्सी.पर्यंत पोचलेला मी एकटाच. ऐन लावणीत आबांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना चिखलातून उचलून बांधावर आणायला चौघे होते. पुढचं सगळं मात्र ‘तू बघ’ म्हणून माझ्यावर आलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, आणि दवाखान्याचं माझं ज्ञान उपकेंद्रातून तापाच्या गोळ्या आणण्यापुरतं.

वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला. डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिली, सलाईन लावलं आणि पुण्याची चिठ्ठी लिहून १०८ बोलावली. मार्गासनी, नसरापूर, चेलाडीला हायवे, मग खेड-शिवापूर आणि कात्रज. कॉलेजात असताना हाच रस्ता मी एसटीत झोपून काढायचो. नानी, म्हणजे आबांच्या बायको, मेंगाई देवीला नवस बोलत होत्या आणि मी फोनवर दादाशी, म्हणजे आबांच्या मोठ्या मुलाशी बोलत होतो. दादा पुण्यात कारखान्यात आहे. तो म्हणाला, “पैशाचं टेन्शन घेऊ नकोस. माझं ईएसआय आहे, आई-आबांची नावं टाकलीत त्यात.”

नावं टाकलेली होती, हे खरं. पण दादाच आता त्यात नव्हता. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, पगाराची मर्यादा २१,००० रुपयांची. त्याच्या वर पगार गेला की चालू सहामाहीपुरती वर्गणी कापतात आणि पुढे माणूस बाहेर पडतो. दादाला पगारवाढ होऊन बराच काळ लोटला होता, पेढेही वाटून झाले होते. त्या जागी कंपनीनं काढलेला विमा होता, पण त्यात बायको आणि दोन मुलं, आई-बाप नाहीत. हे सगळं त्यालाही त्याच संध्याकाळी एचआरच्या माणसाकडून कळलं. पगार वाढल्यामुळे आई-बाप उघडे पडतात, हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

दादाच्या मित्राच्या ओळखीनं आम्ही एका मोठ्या खाजगी इस्पितळात पोचलो. तिथे आबांना लगेच आत घेतलं, उपचार सुरू झाले. त्याबद्दल तक्रार नाही. माझी परीक्षा बाहेर काउंटरवर होती.

“कॅशलेस की कॅश?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, “आमच्याकडे दोन्ही नाही.” तिनं मान वर न करता पुढचा प्रश्न टाकला, “पेशंटचं टीपीए कोण?” मी म्हणालो, “मी पुतण्या त्यांचा.”

टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि इस्पितळ यांच्यामधली कागदं तपासणारी तिसरी कंपनी, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त मागच्या रांगेतला एक जण हसलेला ऐकू आला. अँजिओग्राफी, लागलाच तर स्टेंट, आयसीयू असं धरून तिनं एक आकडा कागदावर लिहून दिला आणि त्यातलं निम्मं सकाळपर्यंत भरायला सांगितलं. स्टेंटची किंमत केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली. औषधाचा लेप असलेला स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला. पण बिल काही एकट्या स्टेंटचं नसतं. कागदावरचा आकडा आमच्या दोन वर्षांच्या इंद्रायणीच्या भातातूनही निघाला नसता.

भिंतीवर एक पाटी होती. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाच्या मर्यादाही लिहिलेल्या, वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,०००. ही तरतूद कायद्यातली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली तिची योजना आखून दिली. मी पाटीचा फोटो काढून परत काउंटरवर गेलो. “तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला?” आम्ही लावणीतून उठून आलेले. आबांच्या पोटऱ्यांवरचा चिखल नर्सनं नुकताच पुसला होता. दाखला कुठून असणार?

तिथल्याच बाकावर वेळवंड खोऱ्यातल्या एक मावशी बसल्या होत्या. भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाचं त्यांचं गाव. नवऱ्याला डायलिसिस चालू होतं दुसरीकडे, इथे त्या कुणाला तरी भेटायला आल्या होत्या. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स, वेगवेगळ्या रबरबँडात. त्यांनी सरळ मलाच झापलं. “एवढा शिकलेला दिसतोस आन् योजनेत घातलं न्हाईस? कार्ड कुठलंय, केशरीच ना? १५५३८८ लाव. इचार, हार्टचं कुठं होतं. नुसतं दवाखान्याचं नाव इचारू नको, हार्टचं इचार.”

तो शेवटचा सल्ला लाख मोलाचा होता. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत इस्पितळ असलं तरी त्यातला प्रत्येक विभाग योजनेत असेलच असं नाही. हाडांचं असेल, हृदयाचं नसेल. ही योजना २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांना. २०२३ मध्ये सरकारनं ते पाच लाखांवर नेलं आणि पांढऱ्या कार्डांनाही दार उघडलं. हे मी आता घडाघडा सांगतोय. त्या रात्री ‘जीवनदायी’ हा शब्द मी फक्त एसटी स्टँडवरच्या बोर्डावर वाचलेला होता.

हेल्पलाइनवरच्या बाईंनी नावं दिली. आबांची प्रकृती हलवण्याइतकी सावरल्यावर आम्ही त्यांतल्या एका इस्पितळात गेलो. दारातच आरोग्यमित्राचं टेबल होतं. हा योजनेचा माणूस, इस्पितळाचा नव्हे. तातडीचं म्हणून त्यानं आधी फोनवर मंजुरी घेतली, आबा आत गेले, आणि मग तो मला म्हणाला, “आता कागद.”

रेशनकार्ड घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्यांच्या खाली. धाकट्या वहिनीनं ते काढलं, फोटो घेतले आणि रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढून पाठवले. कार्ड मी लहानपणापासून पाहत होतो, पण वाचलं त्या दिवशी, मोबाईलवर बोटांनी मोठं करून करून. हातानं लिहिलेली नावं. वर आजोबा, त्यांच्यावर रेघ. दोन आत्यांवर लाल शाईची रेघ आणि बाजूला लग्नाचं साल. मुंबईला गेलेले मधले काका, त्यांची बायको, मुलगा, सगळे अजून इथेच. दादाही इथेच. शेवटून दुसरा मी. एकूण अकरा जिवंत माणसं, आणि सरकारच्या लेखी हे एक कुटुंब.

आबांचं नाव आधारवर पूर्ण होतं. कार्डावर गावात हाक मारतात ते. प्रीऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, ती त्यावरून अडकली आणि ‘क्वेरी’ आली. दोन्ही नावांचा माणूस एकच, असा तहसीलचा कागद हवा. त्यात भर म्हणजे २०२४ पासून तालुक्याचं नाव राजगड झालंय आणि आमच्या सगळ्या कागदांवर वेल्हे. आरोग्यमित्र म्हणाला, “त्यानं काही अडत नाही, घाबरू नका.” मी तोवर प्रत्येक गोष्टीला घाबरायला शिकलो होतो. भावानं लावणी सोडून तहसील गाठलं, कागद आणला, फोटो पाठवला. आरोग्यमित्रानं तो चढवला, पडद्याकडे बघत बसला, चहा घेऊन आला, परत बघत बसला. मंजुरी आल्यावर त्यानं नुसती मान हलवली. एक स्टेंट पडला. पैसे आम्ही भरले नाहीत. जेवण, औषधं, घरी गेल्यावर दहा दिवसांची तपासणी, सगळं पॅकेजमध्ये. परतीच्या प्रवासाचं एसटीचं भाडंसुद्धा. ते हातात पडलं तेव्हा आबांनी नोटा दोनदा मोजल्या आणि विचारलं, “हे कशाचं?”

योजना खोटी नाही, हे मी आता कुणालाही छातीठोक सांगतो. पण तिला माणूस दिसत नाही, कार्ड दिसतं. आमच्याकडचे कागद जमिनीसाठी आणि तांदळा-गव्हासाठी जपलेले. आजारपणासाठी त्यांची तयारी कुणी कधी केली नाही. नाव कमी करायला लोक तालुक्याला जातात ते पोरीचं लग्न झाल्यावर. नाव दुरुस्त करायला कुणी जात नाही.

आबा घरी आले त्याच आठवड्यात मुंबईहून मधल्या काकूंचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, “आमच्या पोराचं हर्नियाचं करायचंय. पाच लाखातलं किती उरलंय रे?” प्रश्न रास्त होता. वर्षाचे पाच लाख अकरा जणांत एकच. दादाचं म्हणणं, कार्डं विभक्त करून टाकू, तीन घरांची तीन. प्रत्येकाला आपापले पाच लाख, भांडण नको. मला त्यात काही वावगं दिसत नाही, आणि अर्ज लिहायचा तर तो मीच लिहिणार.

आबांना पटत नाही. पडल्या पडल्या त्यांचं एकच म्हणणं, “चूल एक आहे तवर कार्ड एकच.” मुंबईची चूल तीस वर्षांपूर्वी वेगळी झाली, हे नानींनी आतून ऐकवलं. त्यावर ते कूस बदलतात. आता दिवाळीला सगळे गावी आले की बसायचं ठरलंय. काकूंना मी सांगितलंय, हर्निया तोवर थांबत असेल तर थांबवा, नसेल तर याच कार्डावर करून घ्या. आणि हो, पोराचं नाव आधारवर कसं लिहिलंय ते आधी बघा.