देठासकट

खानदेशात मोठेपणाचा मान वांग्याचा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारनंच मोठेपणाचा कागद करून दिला. अशा मुलखात अंगणात मोठाले टमाटे पिकवायला बसणं हा शुद्ध हट्ट. तो मी जळगावात करत होतो आणि धुळ्याला आमचा दादाही करतोय, हे मला भाच्याकडून कळलं. थेट कळायची सोय नव्हती. घराच्या वाटणीनंतर सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

भाच्यानं माझा अर्धा किलोचा टमाटा तिकडे कळवला असावा. संध्याकाळी फोन आला. ख्यालीखुशाली काही नाही.

"किती ग्रॅम?"

"पाचशे दहा."

"रोपं केव्हा लावलीस?"

"सप्टेंबरात." आपल्याकडे दुसरा मुहूर्तच नाही. पारा पस्तिशीच्या वर चढला की टमाट्याची फुलं गळतात, आणि आपला मे महिना तर माणसंही गाळतो.

मग दादानं शिकवणीच घेतली. काखेतले फुटवे खुडायचे. पाणी रोज बेतानं. कोरडं ठेवून एकदम सोडलं की साल तडकते. झाडावर दोन-तीनच फळं राखायची.

"बाकीची?"

"तोडायची. सगळ्यांना पोसत बसलं तर एकही मोठं होत नाही."

पुढे दोघंही गप्प. वाटणीच्या वेळीही बोलणं साधारण इथवरच आलं होतं.

"अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०२० साली ४ किलो ८९६ ग्रॅमचा निघाला," दादा घाईघाईनं म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून त्या टमाट्याचे आभार मानायला हवेत.

जानेवारीत दादा एस.टी.नं आला. मांडीवर उपरण्यात गुंडाळलेला टमाटा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काटा लागला. दादाचा सहाशे वीस, माझा सहाशे तीस.

"देठासकट मोजलास," दादा म्हणाला.

देठ काढले. दोघांचे सहाशे पंधरा. दुकानदारानं बोटानं काटा धरला होता, असा माझा संशय आहे.

आमच्या हिचं माहेर बामणोदकडचं. तिनं कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी टाकल्या. मी भीत भीत टमाट्यांकडे पाहिलं.

"भरतात टमाटा घालत नाहीत," ती म्हणाली. "ठेवा तुमचे तुम्ही."

दोन्ही टमाटे खिडकीत ठेवले. दादा एका दिवसासाठी आला होता, चौथ्या दिवशी गेला. रोज सकाळी दोघं मिळून ते पुन्हा मोजायचो.