आरंभीची शिल्लक

गेल्या विजयादशमीला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, ‘कांतारा : चॅप्टर १’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि पुढील दोन-तीन आठवडे आमच्या विश्रांतवाडीत या एकाच विषयाने सर्वांना व्यापून टाकले. सकाळच्या फेरफटक्याला निघालेले सेवानिवृत्त, दुकानाचे शटर उघडता उघडता बोलणारे व्यापारी, महाविद्यालयात जाणारी मुले, सगळ्यांकडे त्याविषयी काही ना काही मत होते. आश्चर्य असे की, दोन मते एकसारखी मिळत नव्हती. एखादा चित्रपट आवडतो किंवा पडतो. हा मात्र एकाच घरात एकाला डोक्यावर घ्यावासा वाटला आणि दुसऱ्याला अर्ध्यातून उठून जावेसे वाटले. असे का व्हावे, याचा विचार करताना काही गोष्टी मनात आल्या. त्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्यांनी मूळ चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘कांतारा’ हा कन्नड चित्रपट २०२२ च्या सप्टेंबरअखेर आला, दोन आठवड्यांनी हिंदीत उतरला आणि देशभर गाजला. त्याचे लेखक, दिग्दर्शक आणि नायक ऋषभ शेट्टी यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा तुळुनाडूची, म्हणजे उडुपी-मंगळूर परिसराची. १८४७ साली एक राजा मनःशांतीच्या बदल्यात वनातील लोकांना जमीन देतो, १९७० मध्ये त्याचा वंशज ती परत मागतो आणि १९९० मध्ये त्याच जमिनीवरून संघर्ष पेटतो. दिलेल्या शब्दाची ही गोष्ट होती, म्हणूनच ती व्यापारी मनालाही भावली. कागद नाही, मुद्रांक नाही, केवळ दैवासमोर उच्चारलेले वचन. ते मोडणाऱ्याचे काय होते, एवढाच प्रश्न तेथे होता.

नवा चित्रपट नंतर आला, पण तो आधीची गोष्ट सांगतो. काळ कदंब राजवटीचा. वनात राहणाऱ्यांना एके दिवशी कळते की, आपल्याच रानात पिकणारा मसाला राजाची माणसे बंदरावर नेऊन परदेशी व्यापाऱ्यांना विकतात. नायक बेर्मे आपल्या माणसांसह थेट बंदर गाठतो आणि तेथून राजसत्तेशी वैर सुरू होते. राजकन्या आहे, युद्ध आहे, वाघ आहे, दैवांचे अवतरण आहे. सुमारे पावणेतीन तासांचा हा भव्य खेळ आहे. त्याचा शेवट येथे सांगत नाही.

विमाननगरच्या मल्टिप्लेक्समध्ये आम्ही घरचे पाच जण गेलो होतो. बारावीतला नातू उत्तरार्धात आसनाच्या कडेवर बसून होता. सूनबाईंचे म्हणणे, पूर्वार्धातील विनोद ओढूनताणून आणलेला आणि गोष्ट रुळावर यायला फार वेळ लागला. चिरंजीवांना मूळ चित्रपटातील चिखल, म्हशींची शर्यत आणि गावातील साधी माणसे आठवत राहिली. ‘पहिल्यात गाव होते, यात सेट आहे,’ असे ते म्हणाले. आमच्या सौ. युद्धप्रसंगांत बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘दैव न्याय करते म्हणतात, मग प्रत्येक न्यायाला एवढे रक्त कशाला लागते?’ याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

शेजारी सिंधुदुर्गातले एक गृहस्थ राहतात. त्यांना मात्र सारे आपल्या घरचे वाटले. त्यांच्या गावी राखणदाराला गाऱ्हाणे घातल्याखेरीज कोणतेही काम सुरू होत नाही. पडद्यावरील दैव त्यांना परके नव्हतेच. कापडाचा व्यापार करणाऱ्या एका स्नेह्यांनी चित्रपट पाहिला तो निराळ्याच नजरेने. ‘माल पिकवणाऱ्याला बाजारभाव कळला की मधल्याचे धाबे दणाणते, एवढेच त्यात आहे,’ असा त्यांचा निष्कर्ष. तो अगदीच चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

सर्वांत विचार करायला लावणारी प्रतिक्रिया उडुपीकडच्या एका हॉटेलमालकांची. बँकेत असल्यापासूनची आमची ओळख. चित्रपट त्यांना आवडला, अभिमानही वाटला. परंतु चित्रपटगृहात आणि रस्त्यावर काही प्रेक्षक अंगात आल्यासारखे किंचाळू लागले, दैवाचा वेश करून नाचू लागले, याने ते व्यथित झाले होते. त्यांच्याकडे दैवाचे ‘कोला’ म्हणजे करमणुकीचा प्रयोग नव्हे. तो अधिकार ठरावीक घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेला असतो आणि त्यासाठी व्रतस्थ राहावे लागते. शेवटी निर्मात्यांनाच जाहीर विनंती करावी लागली की, दैवाची नक्कल करू नका. श्रद्धेची गोष्ट मनोरंजनाच्या बाजारात गेली की ती कोणाच्या हाती पडेल यावर विक्रेत्याचा ताबा राहत नाही, हे त्यातून दिसले.

याच्या नेमका उलट प्रकार प्रदर्शनापूर्वी घडला होता. चित्रपट पाहीपर्यंत मद्य, धूम्रपान आणि मांसाहार वर्ज्य करावा, असा संकल्प सांगणारे एक भित्तिपत्रक सर्वत्र फिरले. ते आपले नव्हे, कोणी काय खावे हे सांगण्याचा अधिकार इतर कोणाला नाही, असा खुलासा ऋषभ शेट्टी यांनी केला. शाकाहाराचा प्रसार म्हणून आपल्यातील काहींना ते पत्रक आवडलेही असेल. मला खुलासा अधिक योग्य वाटला. पच्चक्खाण स्वतःच्या मनाने घ्यायचे असते. तिकिटासोबत वाटलेला त्याग तिकिटाबरोबरच फाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढी मतभिन्नता का? हिशेबाचा नियम असा की, मागील वर्षाची अखेरची शिल्लक ही चालू वर्षाची आरंभीची शिल्लक होते. पूर्वकथेत हा क्रम उलटा असतो. अखेरची शिल्लक आधीच जाहीर झालेली असते आणि तिच्याशी मेळ बसेल अशा नोंदी मागे जाऊन लिहाव्या लागतात. बँकेच्या वहीत कोणी असे केले तर तपासनीस त्याला काय म्हणतील, हे सांगायला नको. कलेत मात्र ते क्षम्य आहे, किंबहुना तेच कौशल्य आहे. परंतु अडचण अशी की, प्रत्येक प्रेक्षकाने पहिल्या चित्रपटातून आपापली शिल्लक मनात नेलेली असते. कोणी भक्ती नेली, कोणी गाव नेले, कोणी जमिनीचा न्याय नेला. नव्या वहीत आपली रक्कम दिसली नाही की तो म्हणतो, मेळ बसत नाही. परदेशातही हेच घडले. टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ हे १९३७ चे मुलांसाठीचे एक पुस्तक. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग गाजल्यानंतर त्याच तोलाची पूर्वकथा हवी म्हणून २०१२ ते २०१४ या काळात त्या एका पुस्तकाचे तीन चित्रपट केले गेले. बरेच रसिक सुखावले आणि बऱ्याच जणांना गोष्ट ताणल्यासारखी वाटली.

येथवर हा करमणुकीचाच विषय होता. पण परतताना गाडीत नातवाने विचारले, ‘आजोबा, खरंच असं होतं का तिकडे?’ या प्रश्नाने मला खरोखर जागे केले. कारण पूर्वकथा ‘हे असे सुरू झाले’ एवढ्या ठामपणे सांगते की कोवळ्या मनाला ती इतिहासच वाटते.

तेव्हा ठाऊक होते ते त्याला सांगितले. कदंब घराणे कल्पित नाही. चौथ्या शतकात मयूरशर्म्याने बनवासी येथे त्याची स्थापना केली. त्याच घराण्यातील मृगेशवर्म्याने पाचव्या शतकात पलाशिका येथे जिनालय बांधले आणि जैन मुनिसंघांना दाने दिली, हे ताम्रपटांत नोंदलेले आहे. पलाशिका म्हणजे आजचे हलशी, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले, जेथे आजही घरोघरी मराठी बोलली जाते. चित्रपटातील राज्याचे नाव ‘बांगरा’ आहे. पुढील काळात तुळुनाडूत ‘बंग’ या नावाचे राजघराणे खरोखर होते आणि ते जैन होते. मूडबिद्रीचे चौट, वेणूरचे अजिल, कारकळचे भैररस हेही जैनच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी झुंजणारी उळ्ळालची राणी अब्बक्का याच चौट घराण्यातली. कारकळची बाहुबलींची मूर्ती १४३२ ची, वेणूरची १६०४ ची. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी आपल्यापैकी पुष्कळांनी श्रवणबेळगोळच्या यात्रेला जोडून पाहिली असेल.

आणि धर्मस्थळ? तेथे देव मंजुनाथ, म्हणजे शिव. पूजा करणारे वैष्णव. व्यवस्था पाहणारे हेग्गडे घराणे जैन. आणि त्याच क्षेत्री धर्मदैवांची आराधना. बिरमण्ण पेर्गडे आणि अम्मू बल्लाळ्ती या जैन दांपत्याच्या घरी दैवे अतिथी होऊन आली, अशी तेथील परंपरागत कथा आहे. दैव आणि जैन घर यांचे नाते असे एका अंगणातले आहे.

चित्रपटात यातले काही नाही. ती त्याची उणीव आहे असे मी म्हणणार नाही. कल्पित कथेला आपले राजे आणि आपले देव निवडण्याची मुभा आहे. पण जे पडद्यावर नाही ते मुलांना कोण सांगणार? दहा वर्षांपूर्वी ‘बाहुबली’ आला आणि आमच्या घरातील लहानांना बाहुबली म्हटले की धबधबा चढणारा योद्धा आठवू लागला. जिंकलेले राज्य हातात आलेले असताना भरताला ते सोडून देऊन कायोत्सर्गात उभा राहिलेला बाहुबली कुंभोजच्या डोंगरावर उभाच होता. त्याची गोष्ट सांगायला आपल्याला वेळ नव्हता, एवढेच.

इतिहासाचे राहो, आपल्या घरच्या पूर्वकथांचे काय? बँकेतील तीन दशकांच्या नोकरीत मी शेकडो पेढ्यांचे अर्ज वाचले. ‘व्यवसायाची स्थापना’ या रकान्यापुढे पुष्कळदा अंदाजे वर्ष लिहिलेले असे. विचारले की एकच कथा ऐकायला मिळे, आजोबा लोटा आणि दोरी घेऊन आले आणि शून्यातून हे उभे राहिले. एका कुटुंबाच्या दुकानाला पन्नास वर्षे झाली तेव्हा एक सुंदर पुस्तिका छापली गेली. तीत संस्थापकांचे कष्ट होते, सचोटी होती, दूरदृष्टी होती. समारंभात मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या वृद्ध वहिनी माझ्या पत्नीला हलकेच म्हणाल्या, ‘पहिला माल माझ्या पाटल्यांवर आला होता.’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पुस्तिकेत मात्र ती नोंद नव्हती.

येथे कोणी खोटे लिहिले नव्हते. आजची भरभराट डोळ्यांसमोर ठेवून मागच्या नोंदी केल्या की असेच होते. यशाकडे नेणाऱ्या रकमा राहतात आणि ज्यांचा मेळ बसत नाही त्या गळतात. पाटल्या देणारी वहिनी गळते, पहिली दोन वर्षे उधार माल पुरवणारा परगावचा व्यापारी गळतो, रात्र रात्र वही लिहिणारा मुनीम गळतो, वेगळा झालेला भागीदार तर हमखास गळतो. मग नव्या पिढीला वाटते की हे सारे आपल्या घराण्याच्या नशिबातच होते. कोणाचे देणे होते, हे तिला कळतच नाही. ‘कांतारा’चा राजवंशजही हेच विसरला होता, आपल्या पूर्वजाने जमिनीच्या बदल्यात काय घेतले होते ते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. दिवाळीला आपण वहीपूजन करतो, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष मांडतो, पहिल्या पानावर श्री लिहितो. येत्या दिवाळीला त्याच वेळी एक वेगळी वही उघडावी. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला, शक्यतो स्त्रीला, जवळ बसवावे आणि विचारावे की, सुरुवातीला कोणी काय दिले होते? ती सांगेल ते तसेच लिहावे. आजच्या प्रतिष्ठेशी मेळ बसो वा न बसो. नावे लिहावीत, रक्कम ठाऊक असेल तर तीही लिहावी, आणि कोणाचे फेडायचे राहिले असेल तर त्यापुढे ‘देणे’ असा शब्द लिहायला संकोच करू नये. मुलांनी चित्रपट पाहावेत, वाद घालावेत, टाळ्याही वाजवाव्यात. पण ‘आजोबा, खरंच असं होतं का?’ असे त्यांनी विचारले, तर दाखवायला निदान एक पान आपल्याकडे असावे.